सुमनताई आणि आतले पट्टे

सुमनताई, तुझ्यावर लिहायला बसले आणि पहिल्यांदा हसूच आलं.

मागच्या मंगळवारी कॉलेजात तुझ्यासाठी सभा झाली. भूशास्त्र विभागाच्या त्याच लांबट हॉलमध्ये, जिथे दगडांची कपाटं आहेत. नव्या प्राध्यापकांपैकी एक जण उठून म्हणाले, "सुमनताई अतिशय शांत आणि मितभाषी होत्या." आम्ही जुन्या विद्यार्थिनी मागच्या बाकांवर होतो. एकमेकींकडे पाहिलं. तू आणि मितभाषी! शोभाला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला, आणि समोरच्यांना वाटलं ती रडतेय. कुणीतरी तिला पाणी आणून दिलं. ते पिताना तिला ठसका लागला, मग मलाही राहवेना. तुझ्या शोकसभेतून आम्हा दोघींना बाहेर व्हरांड्यात यावं लागलं, ताई. तिथे उभ्या राहून आम्ही आधी पोटभर हसलो, मग पोटभर रडलो.

मी तुला पहिल्यांदा भेटले ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नरखेडकडच्या गावातून नागपूरला शिकायला आलेली, संत्र्याच्या बगिच्याखेरीज काही न पाहिलेली मुलगी. सरांनी सगळ्यांना एकेक काळा दगड शोधून आणायला सांगितला होता. मी मोठ्या ऐटीत माझा दगड तुझ्या टेबलावर ठेवला. तू प्रयोगशाळा परिचर. दगडाचा कागदाहूनही पातळ काप करून काचेवर चिकटवणं, हे तुझं काम.

"कुठून उचलला वं हा?"

"सेमिनरी हिल्सवरून, मॅडम."

"रस्त्याच्या कामाच्या ढिगातून उचलला तुनं. हे पाह्य, डांबर लागून हाय याले."

सगळी प्रयोगशाळा हसली. मी रडवेली झाले. मग तू पाट्यासारखी मोठी काच पुढे ओढलीस, तिच्यावर कार्बोरंडमची, म्हणजे दगड झिजवायची, भुकटी आणि पाणी टाकलंस आणि माझा डांबरवाला दगड माझ्याच हातात दिलास. "घास. अन् मले मॅडम-फिडम, तुम्ही-आम्ही नको करू. मी काय तुही सासू हाय?"

दुपारभर घासला. शेवटी काचेवर दगडच उरला नाही. मी भेदरून तुझ्याकडे पाहिलं तर तू खूश. "गेला पुरा! बरं झालं. आता तुले समजलं कुठं थांबाचं होतं."

कुठे थांबायचं हे तू कानानं ओळखायचीस. तुझे बाबा घरोघरी मोझॅकच्या फरश्या पॉलिश करायचे, आणि लहानपणी तू त्यांच्यासोबत उकिडवी बसून कोपरे घासलेस. खरखर येते तोवर जाड, सुळसुळ झाली की हात उचल. आम्ही दर चार मिनिटांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन स्फटिकाचा रंग तपासायचो. पिवळा दिसला तर अजून जाड, राखाडी-पांढरा झाला की बरोबर. तू नुसतं ऐकायचीस, आणि मग आमची खात्री व्हावी म्हणून सूक्ष्मदर्शकाकडे हनुवटी करायचीस. दरवेळी राखाडी-पांढरा.

आमच्यापैकी कुणी नसलं की तू स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचीस, हे मला पुढच्या वर्षी कळलं. तू स्फटिकांना आपली नावं ठेवली होतीस. ज्यात एकात एक कडी दिसतात, त्याला तू 'कांदा' म्हणायचीस. मी तुला मोठ्या विद्वत्तेनं समजावलं होतं, की शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, निवत असताना त्यात हे स्फटिक हळूहळू वाढतात. मध्येच खालून ताजा, जास्त तापलेला शिलारस आला की स्फटिकावर नवं, वेगळ्या घटकांचं कडं चढतं. म्हणजे खाली काय काय घडलं ते स्फटिकात कड्याकड्यांनी लिहिलेलं राहतं.

"अन् कवा घडलं तेबी लिहून राह्यते?"

तेव्हा मला उत्तर येत नव्हतं. पुढे त्याच प्रश्नावर मी डॉक्टरेट केली, हे तुला ठाऊक आहे, कारण ज्याला त्याला तू तेच सांगत फिरायचीस.

उत्तर सापडल्यावर तुला सांगायला धावत आले होते. नागपुरातच, तुझ्या इंदोऱ्याच्या घरी, कूलरसमोर, तू साड्यांना स्टार्च करत होतीस. मी म्हटलं, ताई, दोन कड्यांमधली रेघ सुरुवातीला धारदार असते. पण स्फटिक जोवर गरम शिलारसात पडून आहे तोवर एका कड्यातले अणू दुसऱ्यात सरकतात, रेघ पुसट होत जाते. डोंगर फुटला, लाव्हा बाहेर येऊन निवला, की सरकणं थांबतं. रेघ किती पुसट झालीय ते मोजलं की ताजा शिलारस आल्यापासून डोंगर फुटेपर्यंत किती वेळ गेला ते कळतं.

तू क्षणभर हातातल्या साडीकडे पाहत राहिलीस. "लाल काठाची कच्च्या रंगाची साडी बादलीत भिजू घातली तं काठ अंगात उतरते. जितका वेळ ठेवशीन तितका उतरते. बाहेर काढली का थांबला. हेच ना?"

हेच, ताई. गेली कितीतरी वर्षं मी देशोदेशीच्या वर्गांत हेच सांगते. बादली, साडी, काठ. तुझं नाव घेऊन सांगते, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. तू डोक्यावर चढून बसली असतीस.

पण त्याच दिवशी आपलं ते भांडणही सुरू झालं. "मंग पुढचा डोंगर कवा फुटनार, ते सांग," तू म्हणालीस. मी म्हटलं, तसं नाही सांगता येत. पुढचा अंदाज घ्यायला जमिनीचे हादरे, डोंगराचा फुगवटा, बाहेर पडणारे वायू, हे मोजणारी यंत्रं असतात. खाली काही ढवळलं की ती इशारा देतात. इशाऱ्यानंतर हाताशी वेळ किती, ते मागच्या वेळचे स्फटिक सांगतात.

"म्हंजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहून राहिली तू," असं म्हणून तू पुढची साडी झटकलीस.

एकदा तुला आमच्या गावी नेलं होतं, आठवतं? संत्र्याला बहर होता, सगळा बगिचा घमघमत होता, आणि तुला मात्र बाबांच्या विहिरीत डोकावायचं होतं. काठावर पोटावर पडून पाहत राहिलीस. वर काळा दगड, खाली काळा दगड, मध्ये हातभर रुंद लाल माती. मी सांगितलं, हे दोन वेगवेगळे लाव्हा. खालचा निवला, त्याच्यावर ऊनपाऊस पडून माती झाली, मग कधीतरी वरचा आला. "म्हंजे मधात सुट्टी होती," तू म्हणालीस. आणि मान वर न करता विचारलंस, "सुट्टीत तो खाली काय करे?" आई म्हणाली, "चला वं जेवाले," आणि ते तिथंच राहिलं. तू प्रश्न विचारायचीस ते असे, जेवायला बसताना. मी ते गमतीचे समजायचे. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक त्या मे महिन्यातली.

मी तेव्हा परदेशातल्या विद्यापीठात होते. समुद्रापलीकडच्या एका बेटावर एक जिवंत ज्वालामुखी आहे, त्याच्या उतारावर गावं आहेत. तिथल्या वेधशाळेत काम करणारी माझी मैत्रीण सारी हिनं मला त्या डोंगराच्या शेवटच्या उद्रेकाचे दगड पाठवले. (तिचं नाव ऐकून तू म्हणाली होतीस, "पोरीचं नाव साडी ठेवलं? बरं केलं बापा, नेसाले तरी येईन.") सारीचा प्रश्न साधा होता. डोंगर ढवळायला लागल्यावर गावांकडे वेळ किती असतो? उत्तर स्फटिकाच्या अगदी बाहेरच्या, केसाएवढ्या कड्यात होतं. आणि आमच्या झकपक प्रयोगशाळेतल्या यंत्रानं काप केले तेव्हा नेमकं तेच कडं प्रत्येक स्फटिकाचं तुटून गेलं. सगळे आतले गाभे शाबूत, कडा गायब. चपटी डबी भरून दगड उरले होते. ती डबी घेऊन मी विमानात बसले आणि थेट तुझ्या दारात आले.

तू निवृत्त झालेली, गुडघे दुखणारे. विभागानं जुनी प्रयोगशाळा वापरायची परवानगी दिली. तू डबी उघडलीस, एक तुकडा नखानं टोकरलास आणि म्हणालीस, "हा ठिसूळ हाय. याले आधी पिऊ दे."

दगडाला पिऊ द्यायचं म्हणजे पातळ रेझिन, डिंकासारखं घट्ट होणारं रसायन, त्याच्या बारीक भेगांत हळूहळू मुरू द्यायचं, म्हणजे घासताना कडा निघत नाहीत. पण नागपूरच्या मे महिन्यात रेझिन मुरायच्या आतच घट्ट होत होतं. तू रेझिनची बाटली माठाच्या पाण्यात ठेवलीस. सकाळी ऊन चढायच्या आत यायचं, एक तुकडा बुडवायचा, आणि घरी जायचं. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशीही तू एकही दगड घासला नव्हतास आणि माझा तोल गेला.

"ताई, शुक्रवारचं माझं तिकीट आहे!"

"मंग जा ना तू. दगड राहू दे."

"तुला कळत नाहीये. तिथे माणसं राहतात!"

हे मी बोलले, ताई. तुला कळत नाही, असं बोलले. तू भांडी धुतल्यासारखे हात धुतलेस, पदराला पुसलेस. "मले माहीत हाय मानसं राह्यते ते. म्हनूनच हळू करून राहिली."

मी तिकीट बदललं. त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. सकाळी सहाला तुझ्या हाताखाली बसायचं, काचेवर भुकटी पसरायची, तू मान तिरकी करून ऐकायचीस. नऊला बाहेर तर्री-पोहे. तू तर्री दोनदा मागायचीस आणि तिसऱ्यांदा माझ्या नावानं. अकरा वाजता ऊन आत आलं की बंद. बाहेरच्या कड्यासकट पहिला स्फटिक निघाला तेव्हा मी किंचाळले, आणि तू म्हणालीस, "ओरडू नको, दुसरा बिचकन."

बहुतेक सगळे निघाले. एक तुटला, तो माझ्या हातून. तुझ्या हातून एकही नाही.

तेव्हाच तू सूक्ष्मदर्शकातून डोकं काढून विचारलं होतंस, "हे आतले पट्टे कायचे?"

"ते जुने आहेत, ताई. पुसट झालेत. त्यांचा उपयोग नाही."

"पुसट हाय म्हनून खोटे हाय काय?"

मी हसले आणि डबी बंद केली.

बाहेरच्या कड्यांनी उत्तर दिलं. ताजा शिलारस आल्यापासून डोंगर फुटेपर्यंत वर्षं नाहीत, महिने नाहीत. काही आठवडे, काही स्फटिकांत तर थोडे दिवस. मी शोधनिबंध लिहिला, तो छापून आला. तुझं नाव शेवटी आभारांत, 'तांत्रिक साहाय्य' म्हणून. तुला फोनवर वाचून दाखवलं. "शेवटून दुसरी हाय मी," तू म्हणालीस आणि हसलीस. त्या हसण्यात काही नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. त्याबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. आज मागते.

मग तो डोंगर ढवळला. हादरे सुरू झाले, उतार फुगला. वेधशाळेच्या बैठकीत आमचा निबंध निघाला. थांबायला वेळ नाही, असं ठरलं आणि गावं खाली आणली. लोक शाळांत राहिले. एक आठवडा गेला, तीन गेले, दोन महिने होत आले. डोंगरानं काहीच केलं नाही. हादरे थांबले. लोक परत वर गेले, आणि जाताना सारीला तोंडावर बोलून गेले. पिकं वाळली होती त्यांची.

मी तुला फोन केला तो रडतच. "ताई, आपलं चुकलं."

"मेलं का कोनी?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली?"

"आता पुढच्या वेळी कुणी येणार नाही खाली."

मागे कूलर घरघरत होता. मग म्हणालीस, "कल्पे, तुह्या डबीत फुटलेल्याचेच दगड हाय ना? जवा तो तापला अन् फुटलाच नाही, तवाचा दगड कुठून आनशीन? तवा तं सारं खालीच राह्यलं."

मग तूच पुढे म्हणालीस,

"आतले पट्टे पाह्य ना. तो लेकाचा किती खेपा तापला अन् निजला, ते त्यात असंन. मी केव्हाची सांगून राहिली."

ताई, मी फोन ठेवला आणि ती डबी पुन्हा उघडली. इतकी शिकलेली माणसं त्या निबंधावरून नजर फिरवून गेली होती. मीही. बाहेरचं कडं म्हणजे जेव्हा तो फुटला तेव्हाची गोष्ट. आतली प्रत्येक पुसट रेघ म्हणजे तो ढवळला त्या आधीच्या वेळची. आम्ही एकेक रेघ मोजली, सारीनं वेधशाळेच्या जुन्या नोंदींशी लावून पाहिली. बऱ्याच रेघांच्या काळात कुठलाच उद्रेक नव्हता. म्हणजे तो डोंगर फुटतो त्याहून कितीतरी जास्त वेळा नुसता तापून निजतो. आणि जेव्हा फुटायचं असतं, तेव्हा फार वेळ देत नाही. दोन्ही खरं.

या वेळी निबंधावर लेखक म्हणून तुझं नाव घालायचं मी ठरवलं. तू अट घातलीस. "मले समजल्याशिवाय मी माहं नाव लावत नाही." म्हणून मी रजा काढून आले आणि इंदोऱ्यात तुझ्या चटईवर बसून पूर्ण निबंध तुला मराठीत वाचून दाखवला, रोज दोन पानं. भाऊजी चहा करून आणायचे आणि दाराशी उभे राहून ऐकायचे. एका वाक्यावर तू हात वर केलास.

"'निश्चित' काहून लिहिलं? तुले माहीत हाय काय निश्चित?"

"नाही."

"मंग काढ."

मी 'बहुधा' लिहिलं. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनी सगळ्या निबंधावर टीका केली, त्या परिच्छेदाला मात्र हात लावला नाही. छापून आल्यावर तू तुझं नाव बोटानं शोधलंस आणि भाऊजींना हाक मारलीस.

आता तू गेल्यानंतरची गोष्ट.

त्याआधीच सारीनं आपल्या कड्यांची चित्रं पुठ्ठ्यावर काढून गावोगाव दाखवली होती. ती लोकांना म्हणाली, "आमची यंत्रं सांगतील तेव्हा डोंगर बहुधा नुसता तापून निजेल. तरी दरवेळी खाली या. नाही फुटला तर घरी जा आणि मला शिव्या द्या." कुणी आपल्याला आधीच खरं सांगून ठेवतंय, याचं लोकांना नवल वाटलं म्हणे. या महिन्यात डोंगर पुन्हा ढवळला. लोक आले. पहिल्या वेळी घराचं दार धरून बसलेली एक म्हातारी या वेळी गादी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे होती.

काल तुझ्या घरी तुझ्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भंतेजी गेले, पंगत बसायची होती. तेवढ्यात सारीचा फोन आला. मी अंगणात जाऊन बोलले आणि परत आत आले तेव्हा माझा चेहरा पाहून प्रज्ञानं, तुझ्या लेकीनं, माझा दंड धरला. "काय झालं, मावशी?"

मी सांगितलं. घरभर तुझी माणसं बसली होती, सगळ्यांसमोर सांगितलं. कोणता डोंगर, कोणते दगड, तुझे पट्टे. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "सारे खाली होते?"

"सारे."

तुझ्या नणंदेनं विचारलं, "अन् जनावरं?" ते मी विचारलंच नव्हतं. सारीला निरोप टाकला. थोड्या वेळानं फोटो आला. फुटबॉलच्या मैदानावर ओळीनं बांधलेल्या म्हशी. फोन हातोहात घरभर फिरला. भाऊजींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

मग प्रज्ञा मला म्हणाली, "हे आईले कळाले पाहिजे होतं वं मावशी. तुम्हीच सांगा ना तिले."

म्हणून सांगते. ताई, परवा दुपारी डोंगर फुटला. राख वरच्या सगळ्या गावांवर पडली, घरांची छपरं बसली. आणि त्या वेळी त्या गावांतली सगळी माणसं खाली शाळेत जेवायला बसली होती.